तितराच्या बरण्या

रेडिओवाल्या आपांना पाखरांचा आवाज ऐकू येत नसे. माणसाचं बोलणं त्यांना कळायचं, पण तेही बरंचसं ओठांकडे बघून. ढोल, ट्रकचा हॉर्न, आभाळाचा गडगडाट हे पोचायचं. कुकरची शिट्टी, सायकलची घंटी, चिमण्यांची चिवचिव असले बारीक आवाज मात्र त्यांच्यापुरते केव्हाच संपले होते. उभा जन्म भोंग्यांजवळ गेला, ॲम्प्लिफायर तपासताना निघणारी ती कर्कश किंचाळी रोज कानात घेतली, त्याचं हे फळ, असं त्या स्वतःच सांगत. तरी ब्रह्मपुरीत आणि वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीच्या गावांत पाखरांना साद घालणारे डबे बनवणारी बाई म्हणून लोक त्यांनाच ओळखायचे. स्पीकर चालतो की नाही हे बघायला त्या तो कानाला लावत नसत. त्याच्या कागदावर दोन बोटं ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, “मले कानानं नाई, बोटानं आयकू येते.”

ब्रह्मपुरीच्या बाजारओळीत त्यांचं दुकान होतं. दुकान मूळचं नवऱ्याचं. ते गेले तेव्हा बाई आता सामान विकून टाकेल असं ओळीतल्या सगळ्यांनी धरलं होतं. आपांनी चाळीसावं होऊ दिलं, नवरा गेल्यावर बाईने पाळायचे इद्दतचे दिवस घरात काढले आणि मग एका सकाळी येऊन शटर वर केलं. नवऱ्याच्या शेजारी बसून त्या वर्षानुवर्षं तारा जोडत आल्या होत्या. आता फक्त स्टूल बदललं. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले, मिक्सर आणि मोबाइलचे चार्जर आले, तरी पाटीवर ‘रेडिओ’ तसाच राहिला. मशिदीचा, बुद्धविहाराचा आणि मारुतीच्या देवळाचा असे तिन्ही ॲम्प्लिफायर त्यांच्याकडेच यायचे. कधी तिन्ही एकाच फळीवर शेजारी शेजारी बसलेले दिसायचे. आपा म्हणायच्या, “इथी कोनाचं भांडन नाई. सगळ्याईचा एकच फ्यूज जाते.”

दुकानात मोडक्या वस्तूंचा ढीग असे. कुणी काही फेकायला निघालं की आपा हात पुढे करत. बंद पडलेल्या फोनच्या बॅटऱ्या, गाणाऱ्या खेळण्यांचे बोर्ड, दाराच्या बेलचे इवलेसे स्पीकर, सगळं त्या डब्यांत वेगवेगळं लावून ठेवत. चौकोनी बॅटरी जिभेला लावून बघत आणि तोंड वाकडं करून सांगत, “आंबट लागली, म्हंजे जित्ती आहे.” मी लहानपणापासून त्या ओळीतच वाढले. आमचं घर दुकानाच्या मागच्या गल्लीत. माझ्या वडिलांचा बुद्धजयंतीच्या मिरवणुकीचा भोंगा आपांनी कितीदा उभ्या उभ्या दुरुस्त करून दिला होता. त्या मला ‘बेटा’ म्हणत. पुढे मी एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला लागले, तरी मी त्यांची बेटाच राहिले.

त्यांचा एक नियम होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायचे नाहीत. वस्तू कुणाची, कुठून आणली, कशाला हवी, काही नाही. बाजारात एकटी बसणारी बाई म्हणून लोकांनी त्यांना सुरुवातीला नको नको ते विचारलं होतं. त्याचं उत्तर म्हणून हा नियम आला असावा. “चीज काऊन बिगडली एवढंच मी पुसते. मानसाचं मानसापाशी,” असं त्या म्हणत. लोकांनाही ते बरं वाटे. आपांकडे गेलं की काम होतं, चौकशी होत नाही.

मी त्यांच्याकडे बरणीचं काम घेऊन गेले ते टोल्यासाठी. नदीपलीकडे जंगलाला लागून असलेल्या त्या गावाला मी इथे नुसतं टोला म्हणते. मी सुट्टीच्या दिवशी तिथे पाखरं बघायला जायची. त्या बाजूला मोहाच्या दिवसांत खाली पडलेली फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. आग पुढे गवतात शिरते आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांची घरटी जळतात. टोल्याच्या ग्रामसभेने जंगलाचा एक पट्टा ठरवला, तिथे पेटवायचं नाही, गुरं सोडायची नाहीत, फासे लावायचे नाहीत. हे घडवून आणलं लालसूभाऊंनी. ते ग्रामसभेचे अध्यक्ष, तरुणपणी पाळलेलं तितर पिंजऱ्यात ठेवून रानातली तितरं पकडणारे, आणि आता तो उद्योग सोडून दिलेले. आग थांबल्यावर तितरं वाढतात की नाही, हे गावाला स्वतः मोजून बघायचं होतं.

तितर गवतात दिसत नाही, पण पहाटे दुसऱ्या तितराचा आवाज आला की नर हटकून उत्तर देतो. म्हणून आवाज वाजवायचा आणि उत्तरं मोजायची. मात्र सगळ्या जागी एकाच वेळी वाजवावं लागतं, नाहीतर तेच पाखरू इकडून तिकडे जातं आणि दोनदा मोजलं जातं. फोनचा आवाज चिरका आणि गावात फोनही मोजके. बाहेरून येणारी यंत्रं गावाला परवडणारी नव्हती. मी हे सगळं आपांना सांगितलं. त्यांनी ओठांकडे बघत ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच मला कामाबद्दल एक प्रश्न विचारला: तितराचा आवाज जाड की बारीक? मी म्हटलं, “तुम्हाला ऐकू येणार नाही असा.” त्या खूप हसल्या.

डबा म्हणून त्यांनी लोणच्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बरण्या निवडल्या. झाकणाला भोकं पाडून आत स्पीकर बसवला. बरणी झाडाला उलटी टांगायची, म्हणजे दव आत जाणार नाही. आत गाण्याच्या खेळण्याचा बोर्ड, त्यात मी भरून आणलेला तितराचा आवाज, आणि जुन्या फोनची बॅटरी. पहिली बरणी घेऊन मी टोल्याला गेले तेव्हा लालसूभाऊंनी ती वाजवून बघितली, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले की तितराला सर्दी झाली आहे. मी तो निरोप आपांना दिला. त्यांनी स्पीकर बदलला, परत पाठवला. दुसऱ्यांदा लालसूभाऊंनी मान डोलवली. त्यांचा घरजावई सोमा याने झाडांवर चढून बरण्या टांगल्या. त्या पहाटे पट्ट्याच्या चारी बाजूंनी तितरं बोलू लागली, बरण्यांतली आणि गवतातली, आणि कोणती कुठली हे कळेना. लोक एकमेकांकडे बघून हसत होते. मी परत येऊन आपांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी मला तीनतीनदा तेच सांगायला लावलं. आसपासच्या गावांतूनही बरण्यांसाठी माणसं येऊ लागली. लोणच्याची बरणी रिकामी झाली की ओळीतल्या बायका ती धुऊन आपांच्या दुकानात ठेवून जायच्या.

पुढच्या वर्षी हिवाळा सरता सरता एकदा आपा माझ्याबरोबर निघाल्या. त्यांना पलीकडच्या रस्त्यावरच्या एका ढाब्याचा साउंड बॉक्स बसवून द्यायचा होता, मला टोल्याला जायचं होतं. काळीपिवळी जीपने आम्ही ढाब्यावर उतरलो. काम झालं. ढाबेवाला खूश होऊन जेवल्याशिवाय जाऊ देईना. आपा बाहेर मांस खात नसत. त्यांनी वरणभात घेतला. माझ्यापुढे त्याने रश्श्याची वाटी ठेवली. बारीक हाडांचं मांस होतं. मी दोन घास खाल्ले आणि हे कशाचं म्हणून विचारलं.

तो आपांकडे बघून कौतुकाने म्हणाला, “तुमच्याच बरनीचा परताप आहे आपा. तुमाले चालत नाई म्हनून, नाईतर पयला मान तुमचा.”

आपांना ओठांवरून नीट कळलं नाही असं वाटून त्याने तोंडाने तितराचा आवाज काढून दाखवला. मग सांगितलं, की पलीकडच्या गावातला एक पोरगा आणतो. बरणी गवतात ठेवतो, भोवती फासे लावतो. आधीची बरणी दमायची, थांबायची. ही थांबतच नाही, तितरं भांडायला धावत येतात.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. आपांनी ताटात पाणी ओतलं. ढाबेवाल्याला वाटलं, बाईंचं पोट भरलं.

परतीच्या जीपमध्ये त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मी टोल्याला जायचं सोडून त्यांच्याबरोबर परत निघाले होते. नदीचा पूल आला तेव्हा त्या बोलल्या. मध्ये सोमा दुकानात आला होता. बरणी छान आहे पण लवकर थांबते, सलग वाजेल असं करून द्या, म्हणाला. “आपा, तुमचा हात म्हंजे सोनं आहे, असं बोल्ला तो मले. मी खुशीत येऊन बसल्या जागी करून देल्ली. कशाले पायजे, एवढे दोन शब्द नाई निघाले तोंडातून.”

मी म्हटलं की तुम्हाला कसं कळणार, दोष त्याचा आहे. त्यांनी माझं बोलणं ओठांवरून पुरतं वाचलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं. समोरच्याचं बोलणं थांबवायचा हा त्यांचा मार्ग होता. त्या बघत नसल्या की त्यांना काही सांगता येत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या माझ्या दारात उभ्या होत्या. टोल्याला चल म्हणाल्या. मी कॉलेजात सुट्टी टाकली. लालसूभाऊंना फोन करून निरोप दिला होता, म्हणून दुपारी समाजमंदिरापुढे लोक जमले. आपांना चार माणसांत बोलायची सवय नव्हती. त्यांनी बसायला दिलेली खुर्ची घेतली नाही. ढाब्यावर काय कळलं ते सांगितलं, आणि म्हणाल्या, “चोर कोन हे मी सांगाले नाई आली. त्याच्या हातात चीज मी देल्ली. तुमी आग बंद केली, अन् मी दुसरी लावली.”

मागून एकाने विचारलं, पोरगा कोण होता ते तरी सांगा. सोमा खांबाला टेकून बसला होता. त्याने वर बघितलं नाही. मी आपांकडे बघत होते. त्यांची नजर सगळ्यांवरून फिरली, त्याच्यावरूनही फिरली. त्या म्हणाल्या की गिऱ्हाइकं शेकड्यानं येतात, तोंड ध्यानात राहत नाही. माझ्या माहितीत आपा कुणाचं तोंड विसरल्या नव्हत्या. तोंड वाचण्यावरच त्यांचं जगणं होतं.

लालसूभाऊ उठले. ज्याच्या घरात ती बरणी असेल त्याने आज संध्याकाळपर्यंत समाजमंदिरात आणून ठेवावी, कोण ते कुणी बघणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आणि आपांपुढे हात जोडले. म्हणाले, “आमच्या गावाची लाज तुमी आपल्या डोक्यावर नोका घेऊ जी.” आपांनी त्यांचे जोडलेले हात खाली केले, पण ऐकलं नाही. सगळ्या बरण्या झोळीत भरून त्या परत घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी सलग वाजणारीही बसच्या कंडक्टरकडून आली. कुणी दिली हे कंडक्टरला सांगता आलं नाही.

त्यानंतर दुकान बदललं. आपा बोलायच्या कमी आणि विचारायच्या सगळ्यांना. चार्जर घेऊन आलेल्या माणसालाही “कशाले पायजे?” म्हणून विचारत. लोक चिडायचे. फोन चार्ज करायला, आणखी कशाला? काहीजण समोरच्या नव्या दुकानात जाऊ लागले. इतर गावांत दिलेल्या बरण्या परत घ्यायलाही त्या स्वतः फिरल्या. कधी बसने, कधी कुणाच्या गाडीवर मागे बसून. एका गावात कुणीतरी त्यांना हसलं, की एवढ्याशा पाखरासाठी म्हातारी वणवण करते. ते त्यांनीच मला सांगितलं, आणि हसणाऱ्याचं बरोबर आहे असंही म्हणाल्या. पाखरासाठी नाही, आपल्यासाठी फिरतेय असं त्यांचं म्हणणं होतं.

मग त्यांनी नव्या बरण्या बनवल्या. ही बरणी जरा वेळ बोलायची आणि मुकी व्हायची. दुसरा दिवस उजाडेपर्यंत काही केलं तरी बोलायची नाही. तोंड त्यांनी लाखेनं बंद केलं होतं. कुणी उघडायला गेलं तर आतली तार तुटावी अशी ओढून बसवली होती. या मोजणीला त्या स्वतः आल्या. आदल्या संध्याकाळी आम्ही टोल्याला मुक्कामाला गेलो. लालसूभाऊंच्या घरी सोमाच्या बायकोने आपांसाठी वेगळी अंडी उकडली. सोमा घरी नव्हता.

उजाडायच्या सुमाराला आम्ही पट्ट्याच्या कडेला बसलो. गवतावर दव होतं. ठरल्या वेळी बरण्या बोलल्या, सगळीकडून, खणखणीत. मग थांबल्या. आपांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

“बोललं का?”

मी कान देऊन होते. लांबून मोराचा आवाज आला, होल्यांचा आला. मी मान हलवली. त्या थोडा वेळ थांबल्या आणि परत विचारलं. मी खोटं बोलले असते तर त्यांना ऐकून पडताळता आलं नसतं, पण त्यांनी ते माझ्या चेहऱ्यावरून वाचलं असतं. “नाई, आपा,” मी म्हटलं.

पलीकडच्या कडेवरून लालसूभाऊ गवत तुडवत आले. त्यांना विचारायची गरज पडली नाही. एका कोपऱ्यात एकच तितर अर्धवट बोलून गप्प झालं होतं, असं ते म्हणाले. उरलेली घाबरून आतल्या रानात गेली असतील, येतील हळूहळू, आग नाही म्हटल्यावर येणारच. आपांनी झाडावरची बरणी काढली, पदराने पुसली आणि म्हणाल्या, “बरनी तं बोलली जी. आयकाले कोनी उरलं नाई.”

गडचिरोलीच्या एका संस्थेला या बरण्यांबद्दल कळलं. कमी खर्चात केलेलं काम म्हणून आपांचा सत्कार करायचं त्यांनी ठरवलं. दोन माणसं हार, शाल यांचं बोलायला दुकानात आली. आपांनी त्यांना चहा पाजला, लाख न लावलेल्या एका नव्या बरणीची सगळी जोडणी उघडून दाखवली, कुणालाही करता येईल अशी समजावून दिली. सत्काराला मात्र नाही म्हणाल्या. कारण विचारलं तर ऐकू येत नाही असा हात केला. ती माणसं गेल्यावर मी रागावले. आपल्या ओळीतल्या बाईचं नाव झालं असतं, ओळीला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, “शाल अंगावर पडली असती बेटा, अन् मान खालीच राह्यली असती. फोटोत कशी दिसली असती मी?”

पुढे नजरही अधू झाली. सोल्डरिंगचा बारीक टाका घालता येईना. मुलगी गडचांदूरला होती, जावई सिमेंटच्या कारखान्यात कामाला. ती येऊन घेऊन गेली. स्टँडवर ओळीतली सगळी माणसं आली होती. आपांनी तापवून टाका घालायची जुनी कथील-कलम तेवढी पिशवीत घेतली होती. तिकडे काय काम म्हणून कुणी विचारलं तर सांगितलं, हात रिकामे राहिले की डोकं नको तिकडे जातं. बस सुटताना मी खिडकीशी काहीतरी बोलले. काचेवर ऊन होतं, त्यांना माझे ओठ दिसले नसावेत. त्यांनी नुसता हात हलवला. गडचांदूरला मी दोनदा जाऊन आले. खाणीत सुरुंग उडाला की घराच्या भिंती हलायच्या आणि आपा मुलीला सांगायच्या, हा आवाज मला येतो. तितरांचं त्यांनी दोन्ही वेळा विचारलं. माझ्याकडे सांगण्याजोगं काही नव्हतं. गेल्या थंडीत त्या गेल्या.

यंदा मोहफुलाच्या आधी मी टोल्याला गेले. फाट्यावर न्यायला सोमा मोटारसायकल घेऊन आला होता. पट्ट्याची राखण आता तोच करतो. त्या सभेनंतर काही दिवसांनी त्याने सासऱ्यांना स्वतःच सगळं सांगितलं होतं, आणि लालसूभाऊ पुढचा सबंध पावसाळा त्याच्याशी बोलले नव्हते. हे मला गावातून कळलं होतं. तो माझ्याशी त्याबद्दल कधी बोलला नव्हता. पट्ट्यात आता दोन-तीन जागी तितर उत्तर देतं, असं तो गाडी चालवता चालवता सांगत होता. मी म्हटलं, आपा गेल्या.

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. मागे न वळताच विचारलं, “त्या दिवशी सभेत मले ओळखलं होतं का त्याईनं?”

मी म्हटलं, “ओळखलं होतं. आदल्या दिवशी जीपमधी तुमचं नाव घेऊनच सांगितलं होतं मला.”

“मंग सभेत काऊन नाई घेतलं?”

आपांनी ते मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. तसं मी त्याला सांगितलं.

“चार लोकाईत शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं,” सोमा म्हणाला. “मी गडचांदूरले जाईन जाईन म्हनत राह्यलो. आता कोनापाशी जाऊ?”

त्याने गाडी सुरू केली, पण लगेच निघाला नाही. दोन्ही हात हँडलवर ठेवून, मान खाली घालून तो तसाच बसून राहिला.